कोऱ्या चित्राचा अर्थ

गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात आमच्या घरी पेढे वाटले गेले, आणि ते वाटायला नको होते. माझ्या मोठ्या मावशीला थायरॉईडचा कर्करोग झाला, त्याला तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती. शस्त्रक्रिया झाली होती, औषध झाले होते, आणि ठराविक काळाने तपासण्याही चालू होत्या. मध्यंतरी तिच्या रक्तातला एक आकडा हळूहळू वर चढू लागला, म्हणून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिचा किरणोत्सर्गी आयोडिनचा स्कॅन करण्यात आला. स्कॅन स्वच्छ आला. काकांनी स्टेशनावरूनच फोन केला आणि मी पेढे आणायला धावले. आठ दिवसांनी रक्ताचा अहवाल हाती आला. डॉक्टर म्हणाले, "चित्र स्वच्छ आहे हे खरे, पण रोग नाही असा त्याचा अर्थ नव्हे. किंबहुना, रक्त असे बोलत असताना चित्र कोरे यावे, हीच थोडी काळजीची बाब आहे."

हे वाक्य आमच्या घरात कोणालाच कळले नाही. मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपलेला. परंतु मावशीसोबत मुंबईच्या खेपा माझ्याकडेच आल्या, आणि प्रतीक्षालयाच्या बाकावर बसून मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते माझ्यासारख्याच इतर कलाशाखेच्या मंडळींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. चित्र म्हणजे काय, या प्रश्नाशी आपलाही संबंध आहेच.

गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी दिसणारी एक लहानशी ग्रंथी असते. परिभाषाकोशात तिला अवटू ग्रंथी असे नाव आहे. पण मावशीपासून कंपाउंडरपर्यंत सर्वांच्या तोंडी थायरॉईड हाच शब्द रुळला आहे, तेव्हा आपणही तोच वापरू. तिचे वजन साधारण वीसएक ग्रॅम. शरीराची चूल किती मोठ्या आचेवर चालावी हे ठरविणारे स्राव ती बनविते, आणि त्या स्रावांसाठी तिला आयोडिन लागते. मुख्य स्रावाच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. आपल्याला दिवसाकाठी जेमतेम दीडशे मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते; म्हणजे चिमटीतही सापडणार नाही इतके. एवढे थोडे द्रव्य रक्ताच्या प्रचंड प्रवाहातून वेचून घ्यावयाचे, तर त्यासाठी खास सोय हवी. थायरॉईडच्या पेशींच्या आवरणात तशी दारे असतात. एकेका आयोडिनबरोबर सोडियमचे दोन कण आत घेणारी ही दारे आहेत. ती ज्या प्रथिनाची बनलेली असतात, त्याचा जनुक 1996 मध्ये न्यूयॉर्क येथे नॅन्सी करास्को यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढला. परंतु ही ग्रंथी आयोडिनची भुकेली आहे, हे त्याच्या शंभर वर्षे आधीपासून ठाऊक होते. पुढची सारी कथा या भुकेभोवतीच फिरते.

12 नोव्हेंबर 1936 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे दुपारच्या भोजनाच्या वेळी एक व्याख्यान झाले. वक्ते होते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन, आणि विषय होता, भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकेल. व्याख्यान संपल्यावर सॉल हर्ट्झ नावाच्या एका तरुण डॉक्टराने उठून प्रश्न विचारला: आयोडिन कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येईल काय? हर्ट्झ थायरॉईडच्या रुग्णांचे काम पाहत असत. त्यांच्या मनात सरळ विचार होता, की ही ग्रंथी आयोडिन ओढून घेतेच, तर खूण केलेले आयोडिन दिले असता ते कोठे गेले हे बाहेरून कळेल, आणि पुरेसे दिले तर आतल्या आत उपचारही होईल. कॉम्प्टन यांना तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. त्यांनी माहिती काढून पुढच्याच महिन्यात पत्राने कळविले, की होय, करता येते. पण त्याचे अर्धायुष्य अवघे पंचवीस मिनिटे आहे. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यास लागणारा काळ. पंचवीस मिनिटांत सशावर प्रयोग करता येतात, आणि हर्ट्झ व त्यांचे सहकारी रॉबली एव्हान्स यांनी ते केलेही. पण रुग्णांच्या दृष्टीने हा वेळ फारच अपुरा. आपल्या महाविद्यालयात व्याख्यानानंतर "कोणाला काही प्रश्न?" असे विचारल्यावर जी शांतता पसरते, ती आठवून मला या हर्ट्झचे फार कौतुक वाटते.

1938 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबॉर्ग यांना आयोडिनचा आणखी एक किरणोत्सर्गी समस्थानिक सापडला. त्याचा भारांक 131, आणि अर्धायुष्य आठ दिवसांचे. आठ दिवस ही मोठी सोयीची मुदत आहे. द्रव्य रुग्णापर्यंत पोहोचून कामास लागेल इतकी लांब आणि काम झाल्यावर फार रेंगाळणार नाही इतकी आखूड. 1941 मध्ये हर्ट्झ यांनी थायरॉईडच्या अतिस्रावाच्या रुग्णांना किरणोत्सर्गी आयोडिन देण्यास प्रारंभ केला. पुढे खुद्द सीबॉर्ग यांच्या आईवरही याच आयोडिनचे उपचार झाले.

कर्करोगाच्या बाबतीत खरा धडा मिळाला तो न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओर रुग्णालयात. तेथे सॅम्युएल सीडलिन या डॉक्टरांकडे एक चमत्कारिक रुग्ण आला. त्याची थायरॉईड ग्रंथी कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती, आणि तरीही त्याला अतिस्रावाची सारी लक्षणे होती. ग्रंथीच नाही, मग स्राव येतो कोठून? तो येत होता शरीरात अन्यत्र विखुरलेल्या कर्करोगाच्या गाठींतून. त्या पेशी गळा सोडून दूर गेल्या होत्या, रोगट झाल्या होत्या, पण आपला मूळचा धंदा त्यांनी सोडला नव्हता. त्या आयोडिन घेत होत्या आणि स्राव बनवीत होत्या. त्याला किरणोत्सर्गी आयोडिन देताच ते नेमके त्या गाठींत जाऊन बसले. सीडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1946 मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. थायरॉईडचा परतलेला कर्करोग त्याच्या भुकेवरून शोधावयाचा आणि त्याच भुकेच्या वाटेने त्याच्यावर मारा करावयाचा, ही पद्धत येथून रूढ झाली.

शोधावयाचे म्हणजे काय करावयाचे? आयोडिन-131 मधून जे गॅमा किरण निघतात, ते शरीराबाहेर येतात. सुरुवातीला नळीसारखे यंत्र हाताने गळ्याजवळ धरून ते मोजीत. 1950 च्या सुमारास बेनेडिक्ट कॅसेन यांनी शेतात नांगर फिरावा तसे ओळीओळीने फिरणारे यंत्र बनविले. 1957 मध्ये हॅल अँगर यांनी असा कॅमेरा तयार केला, की जो जागेवर राहून एकदम संपूर्ण भागाचे चित्र घेईल. आजचे कॅमेरे त्याचेच वंशज आहेत. रुग्ण अरुंद फळीवर निजतो. त्याच्यावर शिशाची जाड जाळी येते. तिला असंख्य बारीक भोके असतात, आणि सरळ येणारा किरणच त्यांतून पार होतो. जाळीमागे एक स्फटिक असतो. किरण त्यावर आदळला, की क्षणभर ठिणगीएवढा उजेड पडतो, आणि तो मोजला जातो. हा स्फटिक कशाचा, तर सोडियम आयोडाइडचा! शरीरातले आयोडिन शोधण्यासाठी बाहेर पुन्हा आयोडिनच बसलेले. मला हे कळले तेव्हा मी मावशीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक."

या विद्येचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. तुर्भ्याची 'अप्सरा' ही अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झाली, आणि 1963 मध्ये मुंबईला अणुऊर्जा खात्याने रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारातील हे केंद्र थायरॉईडच्या रुग्णांसाठी देशभर ओळखले जाते. आयोडिन-131 आपल्याकडेच बनते. तुर्भ्याच्या भट्टीत टेल्युरियम धातूच्या संयुगावर न्यूट्रॉनांचा मारा केला, की त्यातून ते निपजते, आणि मग वेगळे काढून शिशाच्या डब्यांतून रुग्णालयांना पाठविले जाते. अणुभट्टी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बाँब येतो. पण प्रतीक्षालयात बसलेल्या शेपन्नास माणसांना तिची आठवण निराळ्या कारणाने असते.

आता पुन्हा मावशीकडे वळू. तिचा स्कॅन खरे म्हणजे चैत्रातच व्हावयाचा होता. परंतु त्याच्या थोडे आधी तिच्या पोटात दुखू लागले, म्हणून जवळच्या शहरात एका ठिकाणी तिच्या पोटाचा सीटी स्कॅन झाला. त्या वेळी शिरेतून जे औषध टोचतात, त्यात आयोडिनच असते, आणि तेही आपल्या रोजच्या गरजेच्या हजारो पटींनी. तिच्या पूर्वीच्या आजाराची चौकशी कोणी केली नाही, आणि ते सांगावयास हवे हे आम्हाला ठाऊक नव्हते. मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आधीच तुडुंब जेवलेल्या माणसापुढे ताट मांडून त्याला भूक आहे की नाही हे कसे ठरविणार? शरीरातून ते आयोडिन निघून जाईपर्यंत दोन महिने थांबावे लागले. वाढता आकडा आणि रिकामे दोन महिने! आपल्या ओळखीत कोणाला हा आजार झालेला असेल, तर एवढी एक गोष्ट कृपया लक्षात ठेवावी: सीटीच्या खोलीत जाण्यापूर्वी थायरॉईडची हकीकत आपण होऊन सांगावी.

दोन महिने सरल्यावर तयारी सुरू झाली. थायरॉईड काढलेल्या माणसाला तिचा स्राव आयुष्यभर गोळीच्या रूपाने घ्यावा लागतो. ती गोळी चार आठवडे बंद करण्यात आली. यामागची युक्ती अशी, की स्राव कमी पडला, की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाचे द्रव्य सोडून थायरॉईडच्या पेशींना हाका मारू लागते: आयोडिन घ्या, काम करा. ग्रंथी तर जागेवर नाही. पण तिच्या पेशी कोठे दडून बसल्या असतील, तर त्या या हाकेला ओ देतील. याच हाकेचे काम करणारे, कृत्रिम रीतीने बनविलेले इंजेक्शनही 1998 पासून निघाले आहे. ते घेतले तर गोळी बंद करावी लागत नाही. पण ते फार महाग आहे. म्हणून मावशी हाल सोसत राहिली. चेहरा सुजला, आवाज जड झाला, भर वैशाखात ती शाल पांघरून बसे. एकेकाळी प्राथमिक शाळेत सबंध वर्गाचा हजेरीपट तोंडपाठ असणारी ही बाई, मला हाक मारताना नाव आठवेना म्हणून रडली.

जोडीला दोन आठवडे कमी आयोडिनचा आहार. दूध-दही बंद, अंडी बंद, समुद्राची मासळी बंद, बेकरीचे पदार्थ बंद, आणि आयोडिनयुक्त मीठ बंद. काका बिनआयोडिनच्या मिठासाठी बाजारभर हिंडले. दुकानदार त्यांच्याकडे संशयाने पाहत. वीस-पंचवीस वर्षे "आयोडिनयुक्त मीठच वापरा" असे ऐकत आलेल्या समाजात ही मागणी विचित्रच. आणि तो प्रचार योग्यच होता. 1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडाची जी पाहणी केली, तिच्यातूनच आयोडिनयुक्त मिठाचे महत्त्व आपल्या देशात सिद्ध झाले. असो. शेवटी कोकणातल्या एका नातलगाने मिठागरावरचे खडेमीठ पाठविले. तशा मिठाची एक लहान बरणी अजून मावशीच्या स्वयंपाकघरात आहे.

स्कॅनच्या दोन-तीन दिवस आधी आयोडिनचा थोडा डोस तोंडाने देतात. तो पाण्यासारखा असतो; मावशी म्हणाली, "याच्यासाठी एवढे केले?" मग चित्र. हे चित्र वाचणे सोपे नाही. आयोडिन केवळ थायरॉईडच्या पेशीच घेतात असे नाही. लाळग्रंथी घेतात, जठर घेते, दूध पाजणाऱ्या आईचे स्तन घेतात, आणि उरलेले मूत्रमार्गे बाहेर पडते. ही ठिकाणे सर्वांच्याच चित्रात उजळतात. थुंकीचा थेंब पडलेला हातरुमाल खिशात राहिला, तर तोसुद्धा मांडीतल्या गाठीसारखा चमकतो! म्हणून हल्ली या चित्रावर त्याच वेळी घेतलेले सीटीचे चित्र बसवितात आणि उजेड नेमका कोणत्या हाडात वा गाठीत आहे हे ताडून पाहतात.

मावशीच्या चित्रात तोंड, जठर आणि मूत्राशय यांखेरीज काहीच उजळले नाही. आम्ही पेढे वाटले.

आमची चूक कोठे झाली, हे आता सांगता येईल. आपण चित्र पाहतो, तेव्हा त्यात वस्तूचा आकार आहे असे धरून चालतो. क्ष-किरणांची फिल्म तशीच असते: हाड असेल तर दिसेल, नसेल तर दिसणार नाही. आयोडिनचे चित्र आकाराचे नव्हेच. ते वागणुकीचे चित्र आहे. गाठ तेथे आहे काय, हा त्याचा प्रश्न नाही; गाठ अजून आयोडिन घेते काय, एवढेच ते विचारते. याचा कधी फार मोठा फायदा होतो. तरुण रुग्णांत या रोगाचे इतके बारीक दाणे फुप्फुसभर पसरलेले असतात, की क्ष-किरणांच्या फिल्मवर फुप्फुस निर्मळ दिसते. पण आयोडिनच्या चित्रात दोन्ही फुप्फुसे दिवाळीतल्या ओसरीसारखी उजळून निघतात. दाणा कितीही लहान असो, भूक शाबूत असली पाहिजे. उलट, भूक गेलेली गाठ लिंबाएवढी झाली तरी या चित्रात तिचा मागमूस नसतो.

आणि भूक जाते. कर्करोगाच्या पेशी पिढ्यान्‌पिढ्या विभागत जातात, तसतशा मूळ पेशीचे गुण त्यांच्यातून गळू लागतात. आयोडिनची ती दारे बनेनाशी होतात, किंवा बनली तरी पेशीच्या आवरणात बसविली जात नाहीत, आतच पडून राहतात. सीडलिनच्या रुग्णातल्या पेशी गाव सोडूनही आपला धंदा राखून होत्या. या पेशी धंदाच विसरतात. (थायरॉईडचे काही कर्करोग असेही आहेत, की ज्यांना ही भूक मुळातच नसते, ते निराळे प्रकरण, मावशीचा तो प्रकार नव्हे.)

मग अशा मुक्या पेशींचा पत्ता कोणी दिला? रक्तातल्या त्या आकड्याने. थायरोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन केवळ थायरॉईडच्या पेशी बनवितात, निरोगी असोत वा कर्करोगाच्या. सबंध ग्रंथी काढली आणि उरलेसुरले अवशेष आयोडिनने जाळले, की रक्तात ते जवळजवळ शून्य व्हावयास हवे. पुढे ते वाढू लागले, तर कोठेतरी अशा पेशी आहेत, एवढे निश्चित होते. कोठे, ते मात्र रक्त सांगत नाही. काही रुग्णांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि त्यांच्यात हा आकडा फसवा ठरतो. मावशीत ती नव्हती. तिची गोळी बंद असताना घेतलेल्या रक्तात हा आकडा दोन अंकी निघाला. म्हणजे आयोडिनला विसरलेल्या पेशी थायरोग्लोब्युलिन बनविण्याचे विसरल्या नव्हत्या. विस्मरणही एकदम सगळ्याचे होत नाही. आकडा चढलेला आणि आयोडिनचे चित्र कोरे, अशा रुग्णांचा एक स्वतंत्र वर्गच वैद्यकात मानला जातो.

डॉक्टरांच्या काळजीचे दुसरेही कारण होते, आणि ते अधिक गंभीर होते. शोधणारे आणि मारणारे आयोडिन एकच. जी गाठ तपासणीचा थोडा डोस घेत नाही, ती उपचाराचा मोठा डोसही बहुधा घेणार नाही. कोऱ्या चित्राने आम्हाला पत्ता तर दिला नाहीच, पण हातातले औषधही काढून घेतले होते.

मानेची सोनोग्राफी आधीच झाली होती. हा रोग परततो तो बहुतेक वेळा मानेतल्या लसिकाग्रंथींत, आणि तेथे सोनोग्राफीइतकी उपयुक्त तपासणी दुसरी नाही. तिला आयोडिन लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, खर्चही बेताचा. ध्वनी आत सोडावयाचा आणि प्रतिध्वनी ऐकावयाचा. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि तिच्या मध्यभागी चरबीची उजळ रेघ दिसते. रोगट ग्रंथी गोल होते, ती रेघ पुसली जाते, आत चुनखडीचे ठिपके वा पाण्याच्या पोकळ्या दिसू लागतात. शंका आली, की त्याच यंत्रावर पाहत बारीक सुई घालून पेशी काढतात, आणि सुई धुतलेल्या पाण्यातही थायरोग्लोब्युलिन आहे काय हे तपासतात. ही शेवटची युक्ती मला फारच आवडली. परंतु ध्वनी हाडापलीकडे जात नाही. छातीच्या मधल्या हाडामागे काय आहे, हे सोनोग्राफीला दिसत नाही. मावशीची मान स्वच्छ होती.

तेव्हा श्रावणात पेट स्कॅन ठरला. कर्करोगाच्या पेशी साखर आधाशासारखी खातात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखविले होते. साखरेच्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडून ती शिरेतून देतात. पेशी ती आत घेते, पण तिला पचविता येत नाही, आणि ती आतच अडकून पडते. त्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो. तो लगेच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो, आणि त्या जागेपासून दोन किरण परस्परांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यात समोरासमोर एकाच क्षणी दोन किरण पोहोचले, की उगम त्या रेषेवर आहे हे कळते. अशा असंख्य रेषांवरून चित्र उभे राहते. माणसाला ही साखर प्रथम 1976 मध्ये अमेरिकेत देण्यात आली. या फ्लोरिनचे अर्धायुष्य 110 मिनिटे, म्हणून ते बनविणारे सायक्लोट्रॉन यंत्र जवळपासच असावे लागते. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईलाच, वर सांगितलेल्या परळच्या केंद्रासाठी सुरू झाले.

थायरॉईडच्या कर्करोगात यातून एक उलटसुलट हिशेब दिसतो. ज्या गाठी आयोडिन घेतात, त्या बहुधा साखर फारशी घेत नाहीत. आणि ज्या आयोडिन विसरतात, त्या साखरेवर तुटून पडतात. एकीकडे दिवा विझतो, तेव्हा दुसरीकडे पेटतो. नियम अगदी काटेकोर नाही. एकाच रुग्णात दोन्ही प्रकारच्या गाठी नांदू शकतात. पण मावशीच्या बाबतीत तो लागू पडला.

टोचल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहावयाचे असते. बोलावयाचे नाही, अशी ताकीद असते, आणि तिला कारण आहे. बोलले, की स्वरयंत्राचे स्नायू साखर खातात आणि गळ्यात खोटाच दिवा लागतो. पहिल्या शस्त्रक्रियेत आवाजाच्या एका बाजूच्या नसेला इजा झालेली असेल, तर दुसरी बाजू एकटीच राबते आणि एकटीच उजळते. असा एकांगी उजेड न जाणणाऱ्याला गाठ वाटू शकतो. मावशीचा आवाज शस्त्रक्रियेनंतर थोडा बसला होताच; डॉक्टरांनी तो आधीच नोंदवून ठेवला होता. "तीस वर्षे पोरांना गप्प बसा म्हटले," ती आत जाताना म्हणाली, "आता माझी पाळी."

त्या चित्रात मेंदू उजळला होता, मूत्राशय उजळले होते (ते सर्वांचेच उजळतात), आणि छातीच्या हाडामागे, वरच्या बाजूस, एकच ठिपका होता. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर यंत्रांची नुसतीच स्तुती केल्यासारखे होईल. जे दिसते, ते सगळे काढावयाचे असते असे नाही. दक्षिण कोरियात 1999 पासून कर्करोगाच्या सरकारी तपासणीसोबत थायरॉईडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. 2011 पर्यंत तेथे थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण 1993 च्या पंधरा पट झाले. या रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. याचा अर्थ, जन्मभर काही न करणाऱ्या बारक्या गाठी शोधून हजारो माणसांचे गळे कापले गेले. परतलेल्या रोगाच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानेतली संशयित ग्रंथी आठ-दहा मिलिमीटरांहून लहान असेल, तर सुई न घालता नजर ठेवणे चालते. आणि ज्यांचा धोका कमी, त्यांना दरवर्षी आयोडिन स्कॅनच्या फेऱ्यांत अडकविण्याचे कारण नाही. मावशीच्या बाबतीत आकडा दर तपासणीत वाढत होता आणि गाठ साखरेला लालचावलेली होती. अशा गाठी जोमाने वाढतात, असा अनुभव आहे. म्हणून थांबावयाचे नाही असे ठरले.

धंदा विसरलेल्या पेशींना तो पुन्हा आठवून देता येईल काय, यावरही संशोधन चालू आहे. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग येथील डॉक्टरांनी सेल्युमेटिनिब नावाचे औषध काही आठवडे देऊन पाहिले. 20 रुग्णांपैकी 12 जणांच्या गाठी पुन्हा आयोडिन घेऊ लागल्या, आणि त्यांतील 8 जणांना आयोडिनचा उपचार देता आला. मी हे मावशीला वाचून दाखविले. ती शिक्षिकाच, तिने पहिला प्रश्न विचारला तो उरलेल्या आठांचा. सर्वांना लागू पडेल असा हा उपचार अजून झालेला नाही.

नवरात्राच्या आधी मावशीची शस्त्रक्रिया झाली. हाडामागची ती गाठ आणि तिच्या शेजारच्या दोन ग्रंथी काढल्या. तिन्हींत रोग होता. पेटच्या चित्रात एकच दिसली होती. आकडा खाली आला, पण शून्यावर गेला नाही. डॉक्टरांनी तो कागदावर वर्तुळ करून दाखविला आणि म्हणाले, "काकू, आता आपण याच्या चालीकडे पाहायचे. एका आकड्याने घाबरायचे नाही, आणि एका चित्राने..." काकांकडे पाहून ते थांबले. पेढ्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

सध्या मावशी पहाटे पाचला उठून गोळी घेते आणि अर्धा तास चहाची वाट पाहते. पुढचे रक्त चैत्रात द्यावयाचे आहे. चित्र काढावयाचे की नाही आणि कोणते, ते त्यानंतर ठरेल.